उपमानांचे स्थलांतर : बाबर, जहांगीर आणि हिंदुस्थानचे पक्षी

बाबराने हिंदुस्थानविषयी जे लिहिले, त्यातील एकच परिच्छेद आपल्याकडे वारंवार उद्धृत केला जातो. या देशात चांगले घोडे नाहीत, द्राक्षे आणि खरबुजे नाहीत, बर्फ नाही, हमामखाने नाहीत, अशी ती अभावांची यादी आहे. बाबराला हिंदुस्थान आवडला नाही, हे विधान पाठ्यपुस्तकांपासून सभांमधील वादांपर्यंत बहुधा त्या यादीच्याच बळावर केले जाते. यादी खोटी नाही. परंतु त्याच प्रकरणात, यादीच्या अगोदर, हिंदुस्थानातील प्राणी, पक्षी, फळे आणि फुले यांचे विस्तृत वर्णन आले आहे आणि त्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. ही पाने निसर्गप्रेमी बादशहाचा विरंगुळा म्हणून बाजूला ठेवली जातात. परक्या देशात येऊन पडलेल्या माणसाने तेथे काय नाही हे लिहिले आणि काय आहे हेही लिहिले, तर इतिहासकाराला दोन्ही वाचणे भाग आहे. प्रस्तुत लेखात त्यातील केवळ पक्ष्यांची पाने घेतली असून त्यांच्या शेजारी बाबराचा पणतू जहांगीर याने लिहिलेली पक्ष्यांची पाने ठेवून पाहिली आहेत.

या वाचनासाठी परिभाषा शोधण्यास दूर जाण्याची गरज नाही. उपमेय, उपमान आणि साधारण धर्म यांचा व्यवहार आपल्या अलंकारशास्त्राने पूर्वीच स्पष्ट करून ठेवला आहे. जे सांगावयाचे ते उपमेय. ज्याच्या आधाराने सांगावयाचे ते उपमान, आणि ते श्रोत्याला अधिक परिचित असले पाहिजे. काव्यात हा संकेताचा भाग असतो. स्थलांतरिताच्या गद्यात मात्र ती निकड असते. ज्या वाचकाने मोर केवळ फारसी काव्यातून ऐकला आहे त्याला खरा मोर सांगावयाचा, तर त्याच्या अंगणातला एखादा पक्षी मध्ये उभा करावाच लागतो. म्हणूनच एखाद्या लेखकाची उपमाने एकत्र केली, की त्याचे घर कोठे आहे हे त्याच्या आवडीनिवडीच्या जाहीर विधानांपेक्षा अधिक खात्रीने समजते. आवडनिवड माणूस ठरवून सांगू शकतो. उपमान बहुतेक वेळा न ठरवता येते.

बाबराचा प्रवास परिचित आहे. १४८३ मध्ये फरगाणा खोऱ्यातील अंदिजान येथे जन्म, समरकंद मिळविण्या-गमावण्यात गेलेले तारुण्य, १५०४ मध्ये काबूलचा ताबा, १५२६ च्या एप्रिलमध्ये पानिपत आणि १५३० च्या डिसेंबरात आग्र्यास मृत्यू. हिंदुस्थानात सलग वास्तव्य असे अवघे साडेचार-पाच वर्षांचे. चगताई तुर्कीत लिहिलेल्या आठवणींत हिंदुस्थानचे वर्णन १५२६ च्या घटनांखाली येते. तथापि या भूमीशी त्याची पहिली गाठ त्याआधी एकवीस वर्षे पडली होती. १५०५ च्या जानेवारीत काबूलहून खाली उतरताना तो निंगनहार, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील जलालाबादच्या परिसरात पोहोचला. तेथे आपल्याला एक निराळेच जग दिसले, असे तो म्हणतो, आणि त्या निराळेपणाची गणती गवत, झाडे, पशू, पक्षी आणि मग माणसांच्या चालीरीती या क्रमाने करतो. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. सीमेवर त्याला प्रथम वेगळा धर्म किंवा वेगळी भाषा भेटलेली नाही.

पुढे हिंदुस्थानच्या पक्ष्यांचे वर्णन करताना ही सीमा तो पुन्हा पुन्हा आखतो. मोर बाजौर आणि स्वात येथे व त्यांच्या खाली आढळतो, कुनार आणि लमघान येथे किंवा त्यांच्या वर आढळत नाही. पोपट उन्हाळ्यात, तुती पिकतात तेव्हा, निंगनहार आणि लमघानपर्यंत चढून येतो. एरवी तेथे नसतो. ‘वर’ आणि ‘खाली’ हे त्याचे दोन दिशावाचक शब्द. वर म्हणजे काबूल आणि त्यापलीकडचा स्वदेश, खाली म्हणजे हिंदुस्थान. आजचा पक्षिशास्त्रज्ञ ज्याला प्रजातीचा विस्तार म्हणेल ती माहिती बाबर देत आहे, परंतु त्याच्या हातून नकळत एक वेगळाच नकाशा तयार होतो. या नकाशात देश कोठे सुरू होतो ते पक्षी सांगतात.

मोराचे वर्णन या विभागातील सर्वांत दीर्घ वर्णनांपैकी आहे. अंग रंगांइतके देखणे नाही, असे तो प्रारंभीच नोंदवितो. मग डोक्यावरील तुऱ्याची पिसे मोजतो, गळ्याचा निळा, पाठीवरील पिवळा, पोपटी, जांभळा रंग एकामागून एक सांगतो, पाठीवरची ‘फुले’ लहान आणि पिसाऱ्यावरची मोठी हे पाहतो. आणि त्या पिसाऱ्याखाली इतर पक्ष्यांसारखी एक साधी आखूड शेपटी असते हेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. शेवटची नोंद दुरून मोर पाहणाऱ्याची नव्हे. आपल्या संस्कृत आणि मराठी कवितेत शतकानुशतके मोर नाचला आहे, पण त्याच्या पिसाऱ्याखालच्या शेपटीकडे पाहण्याची गरज कवीला पडली नव्हती. ज्याला मोर जन्मापासून माहीत आहे त्याला तो पाहावा लागत नाही, हे या ठिकाणी मान्य करावयास हवे.

आता यातील उपमाने पाहू. मोराचे आकारमान करकोच्याएवढे, पण उंची तितकी नाही. मोराची भरारी कीरगावल, म्हणजे तित्तिरकुळातील त्या लांब शेपटीच्या फेझंट पक्ष्याहून दुबळी. एकदोन लहान झेपांपलीकडे तो उडू शकत नाही. मांस तित्तिरासारखे. हा कीरगावल वाचकाला ग्रंथाच्या अगदी आरंभी भेटलेला असतो. अंदिजानचे वर्णन करताना तेथील कीरगावल इतके पुष्ट असतात की एकाच्या रश्श्यात चौघांचे भागून उरते असे लोक सांगतात, अशी नोंद बाबराने केली आहे. म्हणजे आग्र्याजवळचा मोर मोजण्यासाठी जे माप हाती घेतले, ते बालपणीच्या खोऱ्यातून आलेले आहे. मोर उडतो तेव्हा त्याच्यामागे अंदिजानचा पक्षी उडत असतो आणि तो अधिक चांगला उडतो.

तुलना केवळ पक्ष्या-पक्ष्यांत राहत नाही. मोराचे मांस इमाम अबू हनीफाच्या मते विहित आहे, चवीलाही वाईट नाही, तरी ते उंटाच्या मांसासारखे मनाविरुद्ध खाल्ले जाते, असे बाबर सांगतो. नव्या देशातील प्राण्याला जागा देण्याच्या दोन तऱ्हा या एका वाक्यात आहेत: एक शास्त्राने दिलेली जागा आणि दुसरी जिभेने दिलेली. शास्त्र परवानगी देते, जीभ अडते. मोराविषयी त्याला आणखी एक काळजी वाटते, ती अशी की, ज्या रानात कोल्हे उदंड त्याच रानात वावभर पिसारा ओढत हा पक्षी जगतो कसा? या काळजीचे स्पष्टीकरण शास्त्रात वा उपमानात नाही. ते पाहणाऱ्याच्या स्वभावात आहे.

पोपटांच्या वर्णनात साक्ष कोणाची मानावी हा प्रश्न पुढे येतो. बाबर पोपटांचे अनेक प्रकार करतो, आकार आणि रंग सांगतो, बाजौर आणि स्वातकडे पाच-सहा हजारांचे थवे उडतात असे लिहितो. पोपट आणि साळुंकी शिकविलेलेच बोलतात, स्वतःहून काही सुचून बोलत नाहीत, अशी त्याची समजूत होती. पण अबुल कासिम जलाईर नावाच्या त्याच्या एका निकटच्या सेवकाने वेगळी हकिकत सांगितली. पिंजऱ्यावर आच्छादन घातले असता एका पोपटाने आपला जीव गुदमरतो म्हणून ते काढण्यास सांगितले, आणि पालखी वाटेत टेकली असता, लोक पुढे चालले, तुम्ही का थांबलात, अशा अर्थाचा प्रश्न केला. बाबर ही हकिकत देतो आणि तिची जबाबदारी सांगणाऱ्यावर टाकतो. स्वतःच्या कानांनी ऐकल्यावाचून असे कोण मानील, ही पुस्तीही जोडतो. आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर शब्द आणि प्रत्यक्ष यांची सरमिसळ तो होऊ देत नाही. एका तांबड्या पोपटाच्या इतर रंगांविषयी तर, ते नीट स्मरत नाहीत म्हणून वर्णन करीत नाही, असे तो सरळ लिहितो. त्याच पोपटाच्या कर्कश आवाजाला मात्र फुटक्या चिनी मातीचा तुकडा तांब्याच्या थाळीवर ओढण्याची उपमा देतो. अरण्यातला आवाज असा घरातील भांड्यांवर येऊन थांबतो.

जेथे एक उपमान पुरत नाही तेथे दोन जोडावी लागतात. सारस पक्ष्याला हिंदुस्थानातील तुर्क लोक ‘उंट-करकोचा’ म्हणतात, अशी नोंद बाबराने केली आहे. करकोच्यासारखा आहे, पण करकोचा म्हणावे तर फार उंच. मग उंट घ्या. या जोडनावाकडे पाहिले की त्यानंतर सुमारे तीन शतकांनी इंग्रजांनी आपल्या दयाळ पक्ष्याला दिलेले ‘मॅग्पाय-रॉबिन’ हे नाव आठवल्याखेरीज राहत नाही. रंगाने मायदेशीच्या मॅग्पायसारखा काळा-पांढरा, चणीने आणि घराजवळ वावरण्याने रॉबिनसारखा, म्हणून दोन्ही. भाषा वेगळ्या, धर्म वेगळे, सत्ता मिळविण्याची रीत वेगळी. नाव बनविण्याची रीत तीच.

पक्ष्यांच्या आवाजात आपल्या भाषेतील शब्द ऐकू येणे हा या तुलनेचाच श्राव्य प्रकार होय. काळ्या तित्तिराविषयी लिहिताना बाबर हा विषय मोठ्या गमतीने हाताळतो. कोणाला या पक्ष्याच्या हाकेत दूध आणि थोडी साखर असल्याचे फारसी बोल ऐकू येतात. अस्तराबादेकडच्या लोकांना तोच पक्षी तुर्कीत, मला पकडले, लवकर या, म्हणून ओरडतो आहे असे वाटते. अरबांना त्यात साखरेच्या योगाने सुख टिकते अशा अर्थाचे अरबी वचन ऐकू येते. एकच हाक आणि तीन भाषा, आणि त्यातील कोणती खरी असा प्रश्न बाबर करीत नाही. उत्तर हिंदुस्थानात याच तित्तिराच्या तोंडी पुढे ईश्वराच्या लीलेचे गुणगान घातले गेले. महाराष्ट्रात तित्तिराऐवजी पावशाचे उदाहरण घ्यावे लागेल. आमच्या शेतकऱ्याला तो ‘पेरते व्हा’ म्हणतो, हिंदी भाषकाला ‘पी कहाँ’ असे विचारतो, आणि हिंदुस्थानच्या उन्हाळ्याने बेजार झालेल्या इंग्रजाला त्याच तीन स्वरांत ‘ब्रेन-फीव्हर’ हा मेंदूज्वर ऐकू आला. शेती, विरह आणि आजार. तौलनिक अभ्यासाला याहून लहान आणि याहून पुरेसा पाठ क्वचितच मिळेल.

तथापि या संपूर्ण विभागातील सर्वांत अर्थगर्भ तुलना कोकिळेची आहे. कोकिळा कावळ्याएवढी पण त्याहून सडपातळ, तिला एक प्रकारचे गाणे येते, ती दाट झाडीच्या बागांत राहते, आणि हिंदुस्थानची बुलबुल ती हीच, असे बाबर सांगतो. ‘तिकडे’ बुलबुलाला जो मान तोच ‘इकडे’ कोकिळेला. येथील बुलबुल म्हणजे फारसी आणि तुर्की काव्यात गुलाबासाठी झुरणारा तो पक्षी, ज्याला इंग्रज नाइटिंगेल म्हणतात. बाबर स्वतः तुर्कीत आणि फारसीत कविता करीत असे. त्याला बुलबुल केवळ बागेतून नव्हे, काव्यातूनही माहीत होता. म्हणूनच त्याच्या या वाक्याचे मोल मी मोराच्या वर्णनापेक्षा अधिक मानतो. कोकिळेचे आणि बुलबुलाचे रूप, आवाज, राहणी यांत साम्य जवळजवळ नाहीच. साम्य आहे ते दोन वाङ्मयांनी दोन पक्ष्यांना दिलेल्या स्थानात. रूपावरून रूपाची तुलना सोडून स्थानावरून स्थानाची तुलना करणे ही मोठी झेप आहे. या देशाच्या लोकांनाही आपल्या बुलबुलासारखा एक पक्षी आहे, आणि तो मानाने आपल्याहून कमी नाही, एवढे त्यात गृहीत धरलेले आहे.

जे त्याला कळले नाही तेही तितकेच बोलके आहे. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, हे संस्कृतात नावानेच सांगितले गेले होते. परभृत आणि अन्यपुष्ट हे कोकिळेचे पर्याय शब्द कोशकारांनाही जुने होते. बाबराच्या नोंदीत त्याचा उल्लेख नाही. त्याने माहिती माळ्यांकडून, शिकाऱ्यांकडून आणि सेवकांकडून घेतली असावी. संस्कृत काव्याचा दरवाजा त्याच्यासाठी उघडला नव्हता. पक्षी दिसला, त्याचा मान कळला, पण त्या मानामागची कथा त्याच्यापर्यंत आली नाही.

इकडे बुलबुल या शब्दाचे काय झाले, हा स्वतंत्र आणि काहीसा विनोदी इतिहास आहे. फारसी बोलणाऱ्यांबरोबर शब्द हिंदुस्थानात आला आणि येथील एका तुरेवाल्या, बुडाशी तांबड्या, चपळ पक्ष्यावर जाऊन बसला. त्या पक्ष्याचे आणि इराणी बागेतील गायकाचे कूळ वेगळे, गाणे वेगळे. पण घरच्या बागेत जो शब्द लागत असे त्याला नव्या बागेत कोणीतरी धनी हवा होता. मराठीतही तो पक्षी आज बुलबुलच आहे आणि हे नाव परके आहे असे कोणाला वाटत नाही. पुढे इंग्रज आले, त्यांनी हा शब्द येथला म्हणून उचलला आणि आफ्रिकेपासून जपानपर्यंत पसरलेल्या एका सबंध पक्षिकुलाला तो देऊन टाकला. एका स्थलांतरिताने मागे राहिलेल्या घरासाठी वापरलेला शब्द दुसऱ्या स्थलांतरिताला देशी वाटला.

याचा अर्थ बाबर हिंदुस्थानात रुळला होता असा मुळीच नाही. १५२९ च्या फेब्रुवारीत ख्वाजा कलान या आपल्या जुन्या सरदाराला लिहिलेल्या पत्रात, खरबूज कापताना आपल्याला रडू आले, असे त्याने कबूल केले आहे. त्याचा देह पुढे त्याच्या इच्छेप्रमाणे काबूलला नेण्यात आला. अभावांची यादी आणि हे पत्र एकाच मनाचे आहे, आणि पक्ष्यांची पानेही त्याच मनाची आहेत. विरहात असलेला माणूस अधिक बारकाईने पाहतो, असे विधान करण्याचा मोह होतो. परंतु त्यास पुरावा एवढाच की, ज्याच्याकडे मागे राहिलेल्या जगाची मापे शाबूत आहेत तोच नव्या जगाचे मोजमाप घेऊ शकतो. बाबराची मापे अखेरपर्यंत शाबूत होती.

ती केव्हा बदलली, हे पाहण्यासाठी पुढच्या पिढ्यांकडे वळावे लागते. अकबराच्या सांगण्यावरून अब्दुर्रहीम खानखानाने बाबराच्या आठवणींचे फारसी भाषांतर केले आणि ते १५८९ मध्ये बादशहाला सादर झाले. त्यानंतरच्या दशकात त्याच्या अनेक सचित्र प्रती तयार झाल्या. अकबराच्या चित्रशाळेत हिंदू कलावंत मोठ्या संख्येने होते. लहानपणापासून ज्यांनी मोर पाहिले त्यांच्या हाती, ज्याने ते प्रौढपणी पाहिले त्याचे वर्णन चित्रे काढण्यासाठी आले. पाहुण्याने केलेले वर्णन यजमानाने रंगविले, असेच म्हणावयास हवे, आणि या प्रतींची चिकित्सा करताना ही उलट दिशा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

जहांगीर १५६९ मध्ये सिक्री येथे जन्मला. १६०७ मध्ये काबूलमुक्कामी त्याने बाबराच्या हस्ताक्षरातील आठवणी पाहिल्या, आणि आपण हिंदुस्थानात वाढलो तरी तुर्की बोलण्या-लिहिण्यास अनभिज्ञ नाही, असे अभिमानाने नोंदविले. ज्याला हे सांगावे लागते त्याची भाषा बदललेली असते. १६१२ मध्ये त्याने गोव्यास पाठविलेला मुकर्रब खान हा अधिकारी तेथील पोर्तुगीजांकडून काही अपूर्व जनावरे घेऊन आला. त्यात टर्की होती. अमेरिकेत उगम पावलेला हा पक्षी पोर्तुगीजांच्या व्यापारी मार्गाने गोव्यास आणि तेथून आग्र्याच्या दरबारात पोहोचला होता. या वेळी माणूस आपल्या जागी आहे आणि पक्षी परदेशातून आला आहे. जहांगीर त्याचे वर्णन कसे करतो? देहाने लांडोरीहून मोठा आणि मोराहून लहान. माजावर आला म्हणजे मोराप्रमाणे पिसारा फुलवून नाचतो. चोच आणि पाय कोंबड्यासारखे. डोके आणि गळा घटकेत पोवळ्यासारखे तांबडे, घटकेत कापसासारखे पांढरे, तर कधी पिरोजासारखे निळे.

बाबराच्या पानावर मोर उपमेय होता आणि फरगाण्याचा कीरगावल त्याचे उपमान. सुमारे ८५ वर्षांनी, त्याच घराण्याच्या चौथ्या पिढीत, मोरच उपमान झाला आहे. बाहेरून आलेल्या पक्ष्याला ओळखण्यासाठी जो पक्षी मध्ये उभा केला जातो, तो आता हिंदुस्थानचा आहे. मोगल घराणे भारतीय केव्हा झाले याची चर्चा विवाहसंबंध, महसूल, इमारती आणि धर्मविषयक धोरणे यांच्या आधारे पुष्कळ झाली आहे, आणि त्या पुराव्याचे वजन मी कमी लेखीत नाही. परंतु राजकीय हेतूने जुळविता न येणारा असा हा एक पुरावा आहे. टर्कीचे वर्णन करताना जहांगिराला आपले हिंदुस्थानीपण सिद्ध करावयाचे नव्हते. त्याला फक्त एक विचित्र पक्षी सांगावयाचा होता.

याच ठिकाणी त्याने बाबराशी आपली तुलनाही केली आहे. बाबराने अनेक जनावरांची रूपे लिहिली, पण चित्रकारांकडून ती काढवून घेतली नाहीत. आपण दोन्ही करीत आहोत, असे तो म्हणतो. त्या टर्कीचे उस्ताद मन्सूरने काढलेले चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मॉरिशसचा डोडो, जो त्याच शतकात नामशेष झाला, त्याचेही मन्सूरच्या हातचे मानले जाणारे एक चित्र सेंट पीटर्सबर्ग येथे जपलेले आहे.

कोकिळेविषयी जहांगिराने लिहिलेला मजकूर या दृष्टीने बाबराच्या वाक्याशेजारी ठेवण्यासारखा आहे. कोकिळा ही हिंदुस्थानची बुलबुल, हे पणजोबाचे समीकरण तो पुढे चालवितो. मात्र लगेच त्यात भर घालतो: बुलबुल वसंतात व्याकूळ होते तशी कोकिळा पर्जन्यकाळाच्या तोंडावर, आणि पर्जन्यकाळ हाच हिंदुस्थानचा वसंत होय. संस्कृत काव्यसंकेत कोकिळेला वसंताशी बांधतो, हे आपण जाणतो. जहांगीर तिला पावसाशी जोडतो. तो संकेतावरून नव्हे, ऐकण्यावरून लिहीत असल्याचे यातून दिसते, कारण कोकीळ चैत्रापासून थेट पावसाळ्यापर्यंत ओरडत असतोच. नर काळा आणि मादी ठिपकेदार हा भेद त्याला ठाऊक आहे. आणि बाबराला जे कळले नव्हते तेही तो सांगतो: कोकिळा कावळ्याच्या घरट्यातील अंडी फोडून फेकते, आपली घालते, कावळा ती आपली समजून पिले वाढवितो. हा प्रकार अलाहाबादेस आपण स्वतः पाहिला, असे तो आवर्जून लिहितो. परभृत या नावात साठविलेले ज्ञान येथे पुन्हा एकदा, नावावाचून, डोळ्यांनी मिळविले गेले आहे.

सर्वच उपमाने अशी बदलली असे मात्र नाही. जहांगिराने पाळलेल्या सारसांच्या जोडीचे मीलन, घरटे आणि अंडी उबविणे यांचे त्याने केलेले निरीक्षण विख्यात आहे. त्या जोडीची नावे लैला आणि मजनू. बाबराचा ‘उंट-करकोचा’ मागे पडला; पक्ष्याला उंटाची गरज राहिली नाही. परंतु सारसांच्या निष्ठेला नाव देताना आठवली ती अरबी-फारसी प्रेमकथा. रामायणाच्या उपोद्घातातील क्रौंच म्हणजे सारसच, असे काही अभ्यासक मानतात. ती कथा जहांगिराच्या हाताशी नव्हती, किंवा असली तरी ओठांवर आली नाही. निसर्गातील उपमाने चार पिढ्यांत देशी झाली, वाङ्मयातील उपमाने मात्र जुन्या घरीच राहिली. स्थलांतरितांच्या वाङ्मयाचा विचार करताना हा वेगांतला फरक अधिक तपासला जावा असे मला वाटते.

या पानांना भाबड्या निसर्गप्रेमाचा रंग देण्याचे कारण नाही. वयाच्या बाराव्या वर्षापासून राज्यारोहणाच्या अकराव्या वर्षापर्यंत आपण स्वतः मारलेल्या जनावरांची संख्या जहांगिराने १७,१६७ अशी दिली आहे, आणि त्यात १३,९६४ पक्षी आहेत. पाहणारा आणि मारणारा एकच होता. मोगल बादशहांच्या या दोन्ही अंगांकडे आधुनिक वाचकाचे लक्ष वेधण्याचे श्रेय सलीम अली यांना द्यावे लागेल. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९२७-२८ मध्ये त्यांनी या विषयावर लेखमाला लिहिली होती.

मराठी प्रदेशापुरते पाहावयाचे तर हा प्रश्न पुन्हा एकदा, वेगळ्या भाषेत, एकोणिसाव्या शतकात उभा राहतो. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी १८२४ नंतर काही वर्षे दख्खनभर फिरला आणि १८३२ मध्ये त्याने ‘दख्खनच्या’ पक्ष्यांची सूची लंडनमध्ये प्रसिद्ध केली. शास्त्रीय लॅटिन नामपद्धतीत वरवर पाहता उपमेला वाव नाही. पण नाव देण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याचे घर त्यातही डोकावते. आमच्या साध्या करड्या सातभाईला साइक्सने मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याचे नाव दिले. घारीला ‘गोविंदा’ आणि एका घुबडाला ‘इंद्राणी’ अशी येथली नावेही त्यानेच दिली, आणि ती शास्त्रीय वाङ्मयात रूढ झाली. दोन लहान पक्ष्यांना त्याने ‘दुखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा, असे विशेषण जोडले: एक चंडोलाच्या जातीचा आणि दुसरा शेपटी हलवीत पाण्याकाठी फिरणारा पांढरा धोबी. दोन्ही दख्खनमध्ये केवळ हिवाळ्यापुरते येतात. चंडोल मंगोलिया आणि तिबेटच्या पठाराकडे वीण घालतो, धोबी सायबेरियाकडे. साइक्सने त्यांना नदीकाठी आणि माळावर पाहिले ते महिने त्यांच्या मुक्कामाचे होते, आणि नाव देताना त्याने त्यांना येथलेच रहिवासी ठरविले. एप्रिल उजाडता उजाडता हे दख्खनी पक्षी उत्तरेकडे निघून जातात. त्यांची घरटी, अंडी आणि पिले दख्खनमध्ये कोणी पाहिलेली नाहीत.